खाली ठेवलेला फोन

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून कॉर्डलेस फोन आणि त्याचं स्टँड काढून दुकानदारापुढे ठेवलं.

"कालपासून वाजतच नाही रे बाबा. तिकडे लेकीचे दिवस भरलेत."

"स्टँडवर ठेवता ना, आजी?"

"छे! दिवसभर हातातच धरून बसते. तिची हाक चुकायला नको."

"म्हणूनच मुका झालाय. खाली ठेवला, तरच चार्ज होतो तो."

"अगं बाई! मग तुझ्या फोनवरून लाव तिला."

"नंबर सांगा."

"यातच आहे की!"

"बरं, इथेच चार्जिंगला लावतो. दहा मिनिटांत नंबर दिसेल."

"तोवर हातात घेऊ?"

"नको, आजी!"

"बरं बाबा, उचलत नाही. नुसता हात ठेवते त्याच्यावर."