लापशी नव्हे, लेफ्से!

...नाही, पण मला एक सांगा, माणसानं खायला मागावं तरी काय? बटाट्याची पोळी! पुरणाची नव्हे, गुळाची नव्हे, बटाट्याची! आणि तीसुद्धा आमच्या पनवेलात, जिथं सकाळ-संध्याकाळ तांदळाची भाकरी, आणि गव्हाचं पीठ रेशनच्या दुकानात मिळालं तर नशीब!

तुम्हाला सांगते, आमच्या शेजारच्या आसियाबीवर ही वेळ आली. तिचा नवरा महमूदभाई नॉर्वेच्या जहाजावर खलाशी. दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षंच झालीत. तिकडे बर्गन नावाच्या बंदरात जहाजाच्या जिन्यावरून पडले, पायाचं हाड असं मोडलं की डॉक्टरनं सांगितलं, आता दर्या बंद. आले घरी... आणि बसले. ओट्यावर, खाडीकडे तोंड करून. बोलणं नाही, हसणं नाही, पुढ्यातलं ताट जसंच्या तसं. आसियाबीनं तरी किती मासे तळावेत, किती मिनतवाऱ्या कराव्यात? माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला हो!

एक दिवस पुटपुटले, "लेफ्से." हिला ऐकू आलं लापशी! बिचारीनं तूप-गूळ घालून हौसेनं लापशी केली. त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "लापशी नाय, लेफ्से. बटाट्याची पोळी. तिकडं एक म्हातारी करायची."

म्हातारी! झालं! नणंद ताहिरा तिथंच बसलेली, ती काय गप्प राहते? "भाभी, म्हातारी म्हंजे किती म्हातारी, इचारलंस का? गोऱ्या बाया सत्तरीत पन चाळिशीच्या दिसतात म्हनं!"

त्या दिवशी आसियाबीनं बटाटे सोलले ना, सालाबरोबर अर्धा बटाटा गेला!

आणि बटाट्याची पोळी म्हणजे काय थट्टा आहे? गरम बटाटे कुस्करले, पीठ घातलं, मळायला घेतलं, तर त्याची झाली खळ! हाताला चिकटली, पोळपाटाला चिकटली, बांगड्यांना चिकटली, फक्त तव्यावर जाईना! अजून पीठ घातलं, तर भाजून वहाण तयार. "बटाटं गार हवं," ओट्यावरून एवढंच आलं. गार? आमच्या पनवेलात? वैशाखात? मी म्हटलं, माझ्या माठाखालच्या ओल्या वाळूत ठेव पातेलं. ठेवलं. गार झालं. पोळी लाटली गेली, अगदी पातळ... आणि उलथण्यानं उलटताना टर्रकन फाटली! मग मी बांबूची लांब चपटी कांबट आणून दिली. आसियाबीनं जीव मुठीत धरून कांबट पोळीखाली सरकवली, पोळी उचलली, उचलली... आणि थेट चुलीतल्या राखेत!

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "मला नाय येत तुमच्या त्या बाईसारखी! जावा तिच्याकडं!"

आणि महमूदभाई बोलले. कित्येक महिन्यांनी मोकळं बोलले.

"ती इस्पितळात फरशी पुसायची, आसिया. मी तिथं पन जेवत नव्हतो. ती घरून ही पोळी आनायची, लोनी-साखर लावून. मी भिंतीकडं तोंड करायचो, तर शेजारी बसून स्वतः खायची. दुसऱ्या दिशी परत हजर. तिची भाषा मला येत नाय, माझी तिला नाय. एकदा तिनं पोराचा फोटो दाखवला, नि खिडकीतून पान्याकडं बोट केलं. लढाईत बुडाला तिचा पोरगा. तवा खाल्ली मी. मी तर आलो घरी. आता ती कोनासाठी लाटत असंल?"

आसियाबीनं डोळे पुसले, पाट सरकवला आणि म्हणाली, "बसा हितं. तुमी लाटा, मी भाजते."

पाय ओढत आले ते. लाटली. फाटली. पुन्हा लाटली, पुन्हा फाटली. शेवटी त्या फाटक्या तुकड्यांनाच लोणी-साखर लावून सगळ्यांनी खाल्लं, मीही खाल्लं. आणि महमूदभाईंनी? ताट पुसून खाल्लं! आसियाबी नुसती बघत बसली, तिच्या वाट्याचा तुकडा हातातच राहिला.

आता महमूदभाई बरे आहेत. जेवतात, हसतात... आणि चुलीपासून हलत नाहीत! "आसिया, जाळ कमी कर! आसिया, भाकरीचं पीठ सैल झालं! आसिया, मीठ आधी का घातलंस?" आणि हे कुणाला? जिच्या भाकरीसारखी भाकरी अख्ख्या आळीत होत नाही तिला!

काल आसियाबी मधल्या भिंतीपाशी आली, कपाळावरचं पीठ पुसत मला म्हणाली, "चंद्रावती, हे दर्यावर असताना जिवाला घोर होता खरा... पन चूल तरी माझी होती गं!"