नदीकाठच्या काचघरातलं जातं

घर्रर्र... घर्रर्र... पहाटेचा तो जात्याचा आवाज भूकंपात गाडला गेला, तवापासून म्या ऐकला न्हाई, आन् हेच सांगाया गेलो तर दारातला वॉचमन म्हणतो, "काका, आधी चपला घाला!"

तुम्हाला सांगतो, एरवी मी बोलत न्हाई, आमच्या बायकोला, रुद्राणीला विचारा, दिवसाला चार शब्द... पण नांदेडला गोदावरीच्या काठी ते नवं प्रदर्शनाचं घर बांधलंय ना, नुसती काच! आत उभं राहून ढग दिसतेत! फरशीत आपलंच तोंड दिसतं, तिथं चपला घालून कोण जाईल? सकाळी गुरुद्वाऱ्यात जोडे काढून, डोक्याला रुमाल बांधून गेलो, तसंच इथंबी केलं. आमची किल्लारीची अख्खी जीप अनवाणी, रुमालासकट! सांगा, माझं काय चुकलं?

बरं, आलो कशाला? पुतण्या संगमेश्वर मोबाईलवर फोटू दाखवून म्हणला, "काका, हे तुमचं जातं तर न्हाई? किल्लारीच्या ढिगाऱ्यातलं हाय म्हणे." डाव्या कडेला टवका! आमचंच की ओ! लग्नात रुद्राणीच्या आईनं दिलेलं! मला झोप न्हाई. ही मात्र एवढंच म्हणली, "टवके लई जात्यांना असतेत. ओढून बघते. आवाजावरून कळंल मला."

आत बघतो तर जात्याभोवती दोरी! वर पाटी! आन् तो वॉचमन, आनंदराज, "हात लावायचा न्हाई काका, साहेब रागवतेत." अरे बाबा, सासूबाईनं दिलेल्या जात्याला हात लावाया साहेबाला विचारू? सांगा, माझं काय चुकलं? तर म्हणतो, "तुमचंच कशावरून?" कशावरून! ही बघ बसली की, दोरीखालून जाऊन, पाय पसरून!

खरंच बसली होती. जात्याच्या पाया पडली, टोपलीतली शोभेची ज्वारी मूठभर घातली, खुंटा धरला... घर्रर्र... अवो, ती काचेची इमारत भरून गेली! माणसं फोन काढायचे इसरले, आनंदराजनं टोपी काढली, मी रडत रडत ओरडलो, "आमचंच! ऐका, आमचंच हाय!"

रुद्राणी थांबली. कडेचं पीठ दोन बोटांत चोळलं, पदराला हात पुसला.

म्या म्हणलं, "आपलंच ना गं?... न्हाई का?... अगं, जरा तर सारखं असंल!"

तिनं जात्याला पुन्हा हात जोडले, दारातल्या चपला उचलल्या, माझ्याबी, आन् मान आडवी हलवत चालू लागली.