बिनअक्षराची म्हैस

लातूरच्या बसस्टँडवर पुस्तकांच्या गाड्यापाशी माझ्यापुढं एक आजीबाई उभ्या होत्या.

“दादा, नातीला हसू येईल असं चित्रायचं पुस्तक दाखवा.”

“हे घ्या मावशी. हत्ती पाळण्यात बसलाय.”

“ह्यात लिवलेलं हाय की. बिनअक्षराचं द्या.”

“बिनअक्षराचं? नात केवढी हाय?”

“सात वर्षाची. पुण्याला ऱ्हाती. हिकडं आमच्या शिरूरला आली की माझ्या मांडीवरच बसायची. मी चित्रं बघून सांगायची, म्हैस नटूनथटून लग्नाला चालली. हसून हसून लोळायची बघा.”

“मग हेच न्या की.”

“ह्या सुट्टीत म्हणली, ‘आजी, म्हैस लग्नाला नाही, दवाखान्यात चाललीये. इथं लिहिलंय.’ पुस्तक घेतलं आन् कोपऱ्यात एकटीच वाचत बसली.”

“चांगलंच झालं की. पोरगी वाचायला लागली.”

“हाव. लई चांगलं झालं.”

“बिनअक्षराचं एकच हाय, मावशी. पर ते तान्ह्या लेकरायचं हाय, कापडाचं.”

“त्यात म्हैस हाय का?”

“हाय.”

“कुठं चालली, ते लिवलेलं न्हाई ना?”