बेचाळीस फूट

ऑक्टोबर लागला, कालव्याच्या पाण्याला शिशाचा रंग चढला, की बोटी वरखाली करणाऱ्या लॉकच्या दरवाजांजवळच्या दुकानात बोटीवर राहणाऱ्यांची रांग लागते. मी कोळशाच्या पोत्यासाठी उभा होतो. पुढे म्हातारे क्लेम होते, काउंटरमागे डिलिस.

"शेगडी हवी, पोरी. छोटी. दोन किलोवॅटची."

"दोनवर किटली तापेल, काका. केबिन किती लांब?"

"बावीस फूट."

"थापा मारू नका. सत्तावन्न फुटी बोट तुमची! पुढचा-मागचा डेक सोडला तरी केबिन बेचाळीस भरते. चार किलोवॅट तरी लागेल."

"मागची खोली धरू नकोस. तिचं दार बंद असतं."

"कधीपासून?"

"मार्चपासून. माझी नोरीन गेली तेव्हापासून."

"मग झोपता कुठे?"

"पुढे, बाकावर. मांजर असतं सोबतीला. ते घोरतं, म्हणून बरं वाटतं."

"काका, बोट लोखंडाची आहे. बंद खोलीत ऊब गेली नाही, तर थंडीत भिंतींना पाणी सुटेल. नाताळपर्यंत सगळं बुरसेल."

"कपडेसुद्धा?"

"कपडे आधी."

"तिचा निळा स्वेटर आहे तिथे. उशीवर ठेवलाय, तिनेच ठेवलेला."

डिलिसने ऑर्डरची वही पुढे ओढली.

"मोठी शेगडी लावली, तर ऊब जाईल का गं तिथवर?"

"जाईल की. पण दार तुम्हालाच उघडावं लागेल, काका."

"लिही मग. बेचाळीस."