टक् वाजलं की उतरव

अगं, मार्क नंतर सांगते, आधी माझा गाईड कोण ठरला ते ऐक. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट होता गुळाच्या चिक्कीवर. आई लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पाकावर असते, म्हणून पाक झाला हे थर्मामीटरवर कसं ओळखायचं ते तिला विचारलं. ती म्हणाली, "त्या काचंच्या कांडीकडं काय बगत बसतीस? थेंब गार पाण्यात टाक आन् मोडून बग. टक् वाजलं की उतरव." मी तसंच्या तसं रिपोर्टात लिहिलं. कॉलेजनं गाईड म्हणून दिलेल्या सरांनी ते लाल पेनानं खोडलं. "हे शास्त्र नाही."

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून मॅडम आल्या. म्हणाल्या, "करूनच दाखव." गूळ उकळायला लागला आणि माझ्या हातून थर्मामीटर फरशीवर पडून फुटला. सरांचा चेहरा पांढराफटक. मी वाटीभर गार पाणी घेतलं. पहिला थेंब नुसता वाकला.

मॅडम म्हणाल्या, "झालाय की पाक."

म्हटलं, "नाही मॅडम. अजून वाजला नाही."

पुढचा थेंब मोडला तो टक् करून. लगेच दाणे घालून चिक्की थापली. गार झाल्यावर मॅडमनी एक तुकडा खाल्ला, दुसरा उचलला आणि फॉर्म भरता भरता विचारलं, "गाईड कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई."

सर शेजारीच उभे. मी जीभ चावली. सरांनी चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "तसंच लिहा, मॅडम. मी नुसत्या सह्या केल्यात."