तीन अंशांचा कल

— छे छे, दाखवू नका, नुसती हातात द्या. डोळे मिटून सांगतो काठी कुणाची ते. चाळीस वर्षं या खोलीत गोल्फच्या काठ्यांच्या मुठी बदलतोय, पाती वाकवतोय — मूठ चाचपली की मालकाचा अख्खा स्वभाव कळतो मला. आजवर एक चूक नाही! — म्हणजे, मागच्या महिन्यात एक झाली. एका साहेबांना म्हटलं, तुम्ही डावखुरे, मनगट फार वळवता, रागीट आहात. तर ते म्हणाले, ही माझी छत्री आहे. ते सोडा. बसा, जावईबापू. त्या स्टुलावर नको, त्याला डिंक लावून ठेवलाय — तुमच्यासाठी नाही हो, क्लबच्या सेक्रेटरीसाठी. इकडे बाकावर बसा.

हं, तर काय म्हणालात? तीन नंबर आणि चार नंबर, दोन्ही लांब पल्ल्याच्या लोखंडी काठ्या काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी हायब्रिड घ्यायच्या. का? — खांदे उडवू नका, का ते सांगा. पाच वर्षांत या खोलीची पायरी चढला नाहीत आणि आज, परवावर जोड्यांची मॅच आली असताना, एकटेच उगवलात, ते पण हातात फळांची पिशवी घेऊन! सासऱ्याकडे जावई फळं घेऊन आला तर सासरा तरी आजारी असतो नाहीतर काहीतरी शिजत तरी असतं. मी तर ठणठणीत आहे. कुणी पाठवलं तुम्हाला? — बरं, नका सांगू. काढतो मी.

हायब्रिड म्हणजे काय हो? धड लाकूड नाही, धड लोखंड नाही, ढेरपोटं डोकं नुसतं. गवतात रुतलेला चेंडू उचलतं, मान्य. जरा इकडेतिकडे लागलं तरी सांभाळून घेतं, तेही मान्य. म्हणूनच तर माझा विश्वास नाही — आपण चुकलो तरी गोड बोलणारा माणूस आणि हायब्रिड, दोघांपासून चार हात लांब राहावं. लोखंड कसं, चुकलात की मनगटापर्यंत झिणझिण्या. तोंडावर सांगतं. आणि वारा सुटला की चेंडू खालून सुरीसारखा काढतं, हायब्रिडचा चेंडू वर जाऊन वाऱ्याशी गप्पा मारत बसतो. — काय बघताय? तिकडे काही नाही, ती माझी बॅग आहे. काठीवर मोजा? कुठला मोजा? अहो, थंडी वाजते काठीला, म्हणून — बरं, बरं, हायब्रिडच आहे. दोन आहेत. सत्तरीला आलो, कंबर वळत नाही, लोखंडाने चेंडू उठत नाही माझा. पण तुम्ही छत्तिशीचे, घोड्यासारखे, तुम्हाला कसली घाई? आणि हे कुणाला सांगायचं नाही हं. ठकीला तर मुळीच नाही.

— ठकी. आता आलो मुद्द्यावर. माझी मुलगी रविवारी मॅचला का येत नाही? मला फोनवर म्हणते, बाबा, खांदा दुखतो. साफ खोटं! खांदा दुखणारी मुलगी गेल्या आठवड्यात तुमच्याकडचं कपाट एकटीने सरकवते — विहीणबाईंनीच सांगितलं मला, कौतुकाने. दहा वर्षांची होती तेव्हा कापून आखूड केलेली तीन नंबर दिली होती मी तिला. हात एवढासा, मुठीत मावेना, म्हणून करंगळी मोकळी सोडायला शिकवलं. हात वाढला, करंगळी मोकळी ती मोकळीच. पण मारायची काय! दोरी लावून आखल्यासारखा चेंडू जायचा. मोठमोठे मेंबर आपला खेळ थांबवून बघायचे. तुमच्या घरी गेली आणि हात गेला तिचा. दोन वर्षांपूर्वी आली होती, बाप-लेकीची जोडी म्हणून, आणि शेवटच्या होलला बॅगेतून लांबचं लोखंड काढलं, तर चेंडू गवत चाटत तळ्यात. सगळे हसले. मीही हसलो — सवय हो, मला रडायच्या जागीही हसूच येतं. त्यानंतर नाही आली. यंदा म्हणते, खेळच सोडते, मला जमत नाही आता. हे तिच्या डोक्यात भरवलं कुणी? तुम्ही? तुमच्या आईंनी? कुणीतरी भरवलंय, मला शेंडी लावू नका. पुढच्या महिन्यात माझे दोन्ही गुडघे बदलणार आहेत, डॉक्टर म्हणतो, खेळ विसरा. म्हणजे हाच रविवार. — हे बोलायचं नव्हतं मला. ती तीन नंबर द्या इकडे.

हं. मिटले बघा डोळे. मूठ चांगलीच घासलीय — आणि म्हणे काढून टाकायची! अंगठा बरोबर मधोमध. आणि करंगळीची जागा कोरी करकरीत. अस्सं! बायकोची खोड उचललीत होय? उचला, उचला. संसार टिकतो त्याने.

आता एक गंमत सांगतो, रागवायचं नाही. लग्नाच्या आधी तुम्ही तुमची काठ्यांची बॅग मुठी बदलायला टाकून गेला होतात, आठवतं? मनात म्हटलं, पोरगी नेतोय आपली, असा सुखासुखी कसा जाईल. त्यातली हीच तीन नंबर घेतली, वाइसच्या जबड्यात आवळली आणि दिला एक झोल. पात्याला एकवीस अंशांचा कल होता, त्याचे अठरा केले. तीन अंश! डोळ्याला दिसत नाही, पण चेंडू काही केल्या उठत नाही. आणि गंमत अशी की, काठीचा संशय कुणालाच येत नाही — माणूस आपलाच हात बघत बसतो. म्हटलं, महिनाभरात याल तणतणत, सरळ करून देऊ, चहा पिऊ, पोट धरून हसू. तुम्ही आलाच नाहीत! पाच वर्षं वाट बघतोय. माझ्यासमोर तीन नंबर कधी बॅगेबाहेर काढली नाहीत, तिथेच मला शंका होती — हा माणूस दिसतो साधा, पण याला कळलंय. आणि आज काय, तर हायब्रिड हवी! म्हणजे पाच वर्षं गवतच चाटत होतात ना? बोला की! — अहो, हसा. गंमत होती ती. असे पांढरेफटक काय पडलात? त्या बाकाला डिंक नाही लावलेला, खरंच — आता तरी सांगा, कुणी पाठवलं तुम्हाला?

"ठकीने. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ही काठी मी तिला देऊन टाकली होती, बाबा, मी या काठीने एक फटकाही मारलेला नाही. आज निघताना म्हणाली, बाबांना विचारून ये — हायब्रिडने तरी मला जमेल का?"