कंपनीच्या गेटावरचा चुरा

आधी भिमामावशीचं नाव लिहून घ्या, ताई, मग माझं. दिवाळे कोळीवाड्यातली भिमामावशी, मासेवाली, डोक्यावर पाटी घेऊन बसनं आमच्या दिघ्यापर्यंत यायची, ना नात्याची ना गावची, पण आज माझी शीतल शाळेत जाते ती तिच्यामुळं. हे पहिलं लिवा, न्हाईतर मी बोलायला लागले की भलतीकडंच जाते आणि तिचं राहून जातं.

मी पाटणकडची, डोंगरातली. सहावीत शाळा सुटली, आईच्या मागं धाकटी तीन होती, त्यांना कोण बघणार. लग्न होऊन नवी मुंबईत दिघ्याला आले, मालक केमिकल कंपनीत, खोली दहा बाय दहाची, आणि शीतल दोन वर्षांची झाली तशी मीबी बिस्किटाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. काय सांगू तुम्हाला, काय वास असायचा तिथं, लोण्यासारखा गोड, कपड्यांना लागायचा तो धुतला तरी जायचा न्हाई. दिवसभर हाताखालनं पुडे जायचे आणि प्रत्येक पुड्यावर तेच एक बाळ, गुबगुबीत, गालाला खळ्या, वर लिहिलेलं, ताकद. हजारदा तेच बघितल्यावर माणसाला खरंच वाटतं हो. टीव्हीवरबी तेच बाळ यायचं, त्याची आई नीटनेटकी साडी नेसून बशीत बिस्किटं वाढायची, आणि मला वाटायचं, मी आईच वाईट, पोरीला नाचणीची काळी भाकरी चारते.

मोडलेल्या बिस्किटांचा चुरा कंपनी शनिवारी गेटावर कामगारांना स्वस्तात द्यायची, पिशवी भरून. आधी तो तबेलेवाले म्हशींना न्यायचे म्हणे. आमी घ्यायला लागलो तवा सुपरवायझर हसून म्हणाला, आता म्हशी उपाशी मरणार. आमीबी हसलो.

शीतलला तोच. सकाळी चहात चुरा, दुपारी शेजारच्या कमलवहिनीकडं ठेवून जायची तर डब्यात चुरा, संध्याकाळी दमून आलं की परत चहा आणि चुरा. पोरगी भाकरी बघितली की तोंड फिरवायची. मी म्हणायचे, बरंय, कंपनीचा माल आहे, माणसाचा हात लागत न्हाई. चाळीतल्या बायाबी माझ्याकडनं मागून न्यायच्या, मला बिस्किटवाली म्हणायच्या, आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. गावाला भावजयीलाबी पिशवी धाडली एस्टीनं. सगळ्यांना मीच लावलं हो, मीच.

शीतल गोरी दिसायला लागली, तोंड फुगीर. बाया म्हणायच्या, अगदी पुड्यावरच्या बाळागत झालीय गं. मी मीठमोहरी ओवाळून टाकायची. खेळायला जायची न्हाई, बसल्या जागी पेंगायची, तर मी म्हणायचे, शांत आहे माझी पोर.

त्याच वेळी खोलीतल्या ट्रंकेमागं भिंतीचा गिलावा जायला लागला. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. आधी बोटाएवढं, मग तळहाताएवढं, मग विटा दिसायला लागल्या. मालक म्हणाले, घुशी लागल्यात. रोज झाडताना मी बघायची तर माती खाली सांडलेली नसायचीच, हे मला दिसत होतं आणि तरी कळत नव्हतं.

एका रविवारी कामावर जायच्या आधी मालकांनी उंदराचं औषध आणलं आणि चुऱ्यात मळून त्याच्या गोळ्या केल्या. म्हणाले, याच्या वासानं बरोबर येतील. ट्रंकेमागं ठेवल्या, मला सांगितलं, पोरीला तिकडं सोडू नको, आणि गेले. मी स्टोव्हजवळ होते. भिमामावशी उंबऱ्यात बसून बांगडे कापत होती, आपली बोलत होती, तुज्या नवऱ्याला सांग, येक दिस कोलंबी खा, बिस्किटाव काय जगतंय मानूस. आणि बोलता बोलता एकदम उठली. हातात कोयती तशीच. ट्रंक एका हातानं ओढली आणि शीतलला दंडाला धरून बाहेर काढलं. पोरीच्या एका मुठीत भिंतीची माती होती, दुसऱ्या मुठीत गोळी.

तोंड उघड, तोंड उघड, मावशी ओरडत होती. बोट घालून सगळं काढलं. माती निघाली, नुसती माती. गोळी अजून तोंडात गेली नव्हती. मग मावशीनं पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाली, हिच्या आंगात रगत नाय गो बाय, कागदासारकी हाय, तू काय चारतेस हिला?

मासे तसेच टाकून ती आमच्यासंगं दवाखान्यात आली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, रक्त इतकं कमी आहे म्हणून पोर माती खाते, आणि ही बाळसं न्हाई, सूज आहे. रक्त चढवायचं ठरलं तर मावशीनं निरोप धाडून आपल्या लेकाला बोलावलं, तो होडीवरनं तसाच आला, रक्त देऊन गेला. आठ दिवस ती रोज यायची. मालक नुसते भिंतीला टेकून बसायचे, म्हणायचे, मी माझ्या हातानं गोळ्या मळल्या. मावशी म्हणायची, गप बस, रडाया तुला मागाहून टाईम हाय, आदी पानी आन.

आता शीतल भाकरी खाते, सुकट खाते, डोळ्यात तेल घालून खाऊ घालते मी. पण टेन्शन जात न्हाई. चाळीत सांगितलं, पोरांना चुऱ्यावर ठेवू नका, तर कमलवहिनी म्हणाल्या, तुझी पोर आजारी पडली म्हणून आमच्या पोरांचं तोंड बांधतेस व्हय गं? भावजयीचं पत्र आलं, बाळ्या आता भाकरीला शिवत न्हाई, पिशवी धाड. आणि मी अजून तिथंच पुडे भरते, दुसरं काम कुठाय. परवा कमलवहिनींच्या खोलीत पलंगाखाली बघितलं तर गिलावा गेलेला, तेवढ्याच उंचीवर. त्या म्हणाल्या, उंदीर झालेत. मी त्यांच्या पोराला उचललं आणि पापणी ओढून बघितली, तर त्यांनी माझ्या हातातनं हिसकावून घेतला. उद्या परत जाणार आहे मी, शिव्या दिल्या तरी जाणार.

मावशीचे गुडघे सुजलेत आता, दिघ्याला येणं होत न्हाई, मीच महिन्याला जाऊन येते. मागं म्हणाली, सुना आपापल्या कामाला जातात, मी अंथरुनाव पडले तं कोन बघनार? मी तवा तिचे गुडघे शेकत राहिले. पण ताई, ती पडली की मी जाऊन राहणार, कामावर पाणी सोडावं लागलं तरी. तिला न्हाऊमाखू घालीन, भाकरी कुस्करून भरवीन. हे तिला सांगू नका, रागावेल. पण लिहून ठेवा. लिहिलेलं असलं की मला मागं फिरता यायचं न्हाई.